घणसोलीच्या खोलीत दोन शेगड्या

उठायला गेले तर पाय उठेनात. पाय जागेवर होते, लुगड्याखाली दिसत होते, पण माझं ऐकत नव्हते. डोकं जात्याच्या पाळीसारखं फिरत होतं. दुपारची वेळ. समोर माझ्या नातीची सासू फूलमती भिंतीला टेकून बसलेली, तोंड उघडं, मान खांद्यावर पडलेली. खाटेवर माझी नात शीतल, बाळंतीण. तिला हाक मारली तर तिनं डोळे किलकिले केले आणि परत मिटले. तिच्या कुशीत तिची लेक, पाचव्या दिवसाची. सकाळभर त्या लेकरानं रडून खोली डोक्यावर घेतली होती. आता ते गप होतं.

लेकरू गप झालं की बायकांना बरं वाटतं. मला वाटलं नाही. गप होऊन पुन्हा न रडलेली लेकरं मी पाहिलेली आहेत.

मी रांगत दाराकडं निघाले. वाटेत उलटी झाली, त्याच्यातूनच गेले. दाराशी पोचले, पण कडी वर आणि मला उभं राहता येईना. हाताला पाण्याचा तांब्या लागला, तो दारावर ठोकत राहिले. ओरडायला तोंड उघडलं तर आवाज नाही.

बाहेरून मालकिणीचा आवाज आला. "कोन गो ठोकतंय? दार मोडाल काय माझा?"

हे का झालं ते सांगायचं तर आधीपासून सांगावं लागेल. गावात परत आल्यापासून रोज कोणीतरी उंबऱ्यावर बसतं आणि विचारतं, नवी मुंबई कशी आहे, बिहारी जावई कसा आहे, तिथं झालं काय. सांगून सांगून तोंड दुखलं. चौथी शिकले आहे, तेवढ्यावर एकदाच लिहून ठेवते. ज्याला पाहिजे त्यानं वाचावं.

घणसोली गाव

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस कमी, वारा जास्त. शीतल माझ्या थोरल्या लेकाची पोर. रबाळ्याला एका कंपनीत खोकी बांधायच्या कामाला लागली आणि तिथंच ट्रकात माल भरणाऱ्या मनोजशी लग्न केलं. तो बिहारातल्या छपऱ्याकडचा. लेकानं वर्षभर तोंड वाकडं केलं, मग सरळ केलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण तिचं नाव तिकडच्या दवाखान्यात घातलेलं. तिची आई अंगणवाडीत, तिला रजा नाही. म्हणून मी गेले.

वाशीला एसटीतून उतरले तर मनोज उभा. पाया पडला. म्हणाला, "आज्जी, टेन्शन नका घेऊ, रिक्षा केला आहे." रिक्षा केला, पिशवी दिला, चहा पिली. पोराचं मराठी असं, पण आडपडदा नाही. मला आवडला. लेकाला हे मी नंतर फोनवर सांगितलं.

घणसोलीत एकीकडं मान मोडेल एवढे उंच टॉवर आणि त्यांच्या पायाशी जुनं गाव. गाव म्हणजे मला वाटलं शेतं, गोठे असतील. तिथं घराला घर चिकटलेलं, मधल्या गल्लीतून दोन बायका शेजारी शेजारी चालल्या तर तिसरीनं थांबावं. पण गावदेवीचं देऊळ आहे, पारावर म्हातारे आहेत आणि ते आल्या-गेल्याला कोणाकडं म्हणून विचारतात. तेव्हा गावच.

घराची मालकीण हिराबाय. आगरी. सासऱ्याची भातशेती आणि मिठागर होतं, ते गेलं आणि जुन्या घराच्या जागेवर तिनं खोल्यांवर खोल्या चढवल्या. वर ओडिशाचे, मधे बिहारी, खाली इस्त्रीवाला. अंगानं दणकट, गळ्यात सोन्याची माळ आणि अंगात गाऊन. मला पाहून म्हणाली, "ही आजी? म्हातारे, माझ्या घरान पान्याला सकाळीच यायचा. मागून बोंब नाय मारायची."

मी म्हटलं, "आमच्याकडं टँकर येतो. बोंब मारायची सवय मला आहे."

ती हसली. तिथून आमचं जमलं.

पहिल्याच संध्याकाळी तिनं ताटली आणून दिली. लिट्टी होती. लिट्टी म्हणजे कणकेच्या गोळ्यात भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ भरून निखाऱ्यावर भाजतात, बिहारी लोकांचं खाणं. भाडेकरूंकडून हिराबाय शिकली. शिकली ती शिकली, आत हरभऱ्याच्या पिठात तिनं सुकट भरली. वाळवलेली बारकी कोळंबी. मला मटण चालतं, पण मासळीचा वास नाकात बसतो. तरी एक खाल्ली. वाईट नव्हती. मनोजची आई फूलमती माझ्या आधीच येऊन राहिली होती, तिनं वास घेतला आणि ताटली हातभर लांब सरकवली.

"राम राम! लिट्टी में मछरी!"

"खाऊन बघ गो," हिराबाय म्हणाली. "तुझाच लेक चार चार खातो."

मनोज दुसरीकडं बघायला लागला.

पाचवी की छठी

फूलमती माझ्याहून थोडी लहान. डोक्यावरून पदर, भांगात नाकापासून मागंपर्यंत शेंदूर, हात कामाचे. तिला मराठी येत नाही, मला हिंदी येत नाही. भांडायला काही अडलं नाही.

शीतल बाळंत होऊन खोलीवर आली आणि पहिलं भांडण झालं ते पाचवीचं. आमच्यात पाचव्या दिवशी सटवाई पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, पाच खडे, हळदकुंकू, कोरा कागद आणि पेन. रात्री सटवाई येते आणि लेकराच्या कपाळी काय लिहायचं ते लिहून जाते. फूलमती म्हणाली, "ना ना. छठी छठे दिन होला." त्यांच्यात सहाव्या दिवशी छठी मैया येते. आत्या काजळ घालते, बायका सोहर म्हणतात. सोहर म्हणजे मूल झाल्याची गाणी.

मी म्हटलं, पाचवी. ती म्हणाली, छठी. शीतल खाटेवरून म्हणाली, "आज्जी, देवी एकच असेल ना? दोनदा करा."

"दोनदा आली तर दोनदा लिहील," मी म्हटलं. "त्यात कुठलं खरं धरायचं?"

त्याच्यावर फूलमतीनंही मान हलवली. तिला शब्द कळला नसेल, मुद्दा कळला.

दुसरं भांडण विस्तवाचं. आमच्याकडं बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतात, ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी देतात. अंग आवळतं, दूध येतं. फूलमतीकडं बोरसी. मातीचं भांडं, त्यात निखारे, ते बाळंतिणीच्या खोलीत दाराशी रात्रंदिवस जळत ठेवायचं. आत येणाऱ्यानं आधी त्याच्यावर हात शेकायचे, मग लेकराला शिवायचं. तिनं बोरसी मांडली म्हणून मी शेगडी काढली नाही. मी शेगडी काढली नाही म्हणून तिनं बोरसी हलवली नाही. कोळसा खालचा इस्त्रीवाला द्यायचा. तो म्हणाला, "अम्मा, मेरे को कपडे को भी रखो थोडा."

एका गोष्टीवर मात्र आमचं पहिल्या दिवसापासून पटलं. वारा लागू द्यायचा नाही. डिसेंबरचे दिवस, खाडीकडून गार वारा यायचा. खिडकीला काचेचे सरकते पल्ले होते. मी एक पल्ला ओढला, तिनं दुसरा ओढला. फटीत चिंध्या कोंबल्या. "हवा लाग जाई बचवा के," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरोबर बोललीस बाई." दाराखाली गोणपाट मीच लावलं.

ज्याच्यावर आम्ही भांडलो त्यानं काही बिघडलं नसतं. ज्याच्यावर पटलं त्यानं घात केला.

आमच्या गावात घराला कौलं आहेत, कौलांना फटी आहेत. तिच्या गावात मातीची भिंत आणि गवताचं छप्पर, त्याच्यातून चंद्र दिसतो असं ती सांगायची. तिच्या सासूनं बोरसी पेटवली, माझ्या सासूनं शेगडी पेटवली, कोणी मेलं नाही. हिराबायची खोली सिमेंटची. वर स्लॅब, काचेची खिडकी, दाराखाली माझं गोणपाट. आम्ही दोघींनी आपापली रीत बरोबर आणली, घर आणायचं राहिलं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी माझी पूजा ठरली, दुसऱ्या दिवशी तिची. सकाळी मी धुरी जास्त केली. ते बघून तिनं बोरसीत आणखी कोळसा घातला. "का करत बाडू, समधिन?" म्हणजे काय करतेस विहीणबाई, असं वर मलाच विचारलं. मनोज कामाला गेला. जेवणं झाली, दार लावलं. शीतल म्हणाली डोकं दुखतंय. मी म्हटलं, जागरणानं दुखतं, झोप. मलाही झोप आली. पुढचं वर सांगितलंच आहे.

दवाखाना

हिराबायनं बाहेरून विचारलं, मी उत्तर देऊ शकले नाही, फक्त ठोकलं. मग तिला काय वाटलं देव जाणे. तिनं खांदा लावला. एका धक्क्यात कडी निखळून माझ्या पाठीवर पडली आणि हिराबाय आत. नंतर ती सगळ्यांना सांगायची, "बरा झाला मी कडी हलकी लावलेली. मजबूत लावली असती तर चौघी गेल्या असत्या."

तिनं आधी लेकरू उचललं आणि गल्लीत पळाली. मग गल्लीत एकच ओरडा झाला. इस्त्रीवाला आला, ओडिशावाले आले, हिराबायचा नवरा आला. मला कोणी उचललं ते आठवत नाही. पारावर ठेवलं होतं, एवढं आठवतं. वारा तोंडावर येत होता.

सरकारी दवाखान्यात तोंडाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण पोरसवदा, चष्मेवाली.

"आजी, खोलीत काय पेटवलं होतं?"

"शेगडी. आणि हिची बोरसी."

"दोन? आणि खिडकी?"

"लावलेली. वारा लागतो."

"वारा लागला असता तर इथं आला नसता," ती म्हणाली. कोळशातून जो वायू निघतो त्याला वास नसतो, धूर नसतो, माणूस झोपल्या झोपल्या जातं, असं तिनं समजावलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

मी विचारलं, "पोर?"

ती म्हणाली, "श्वास घेतेय. काचेत ठेवलंय, ऑक्सिजन चालू आहे. मेंदूला काही झालंय का ते आत्ता नाही सांगता येणार. नीट बघायला लागेल, हसेल, मान धरेल, तेव्हा कळेल."

फूलमतीला काय सांगितलं ते कळलं नाही. मी तिला हातानं दाखवलं. मान अशी धरली पाहिजे. तिनं डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला.

आम्हा दोघींच्या खाटा शेजारी होत्या. शीतल शुद्धीवर आली होती, ती बाळंतिणींच्या वॉर्डात. पाचवीची संध्याकाळ तिथंच झाली. पाटा नाही, कागद नाही. दुसऱ्या दिवशी छठीही गेली. दोघींच्या मनात एकच भीती, ती बोलायला भाषा नको. देवी खोलीवर आली असेल, तिथं कोणी नाही, मग तिनं काय लिहिलं? लिहिलं तरी का? शेवटी फूलमतीच म्हणाली, "समधिन, छठी त गइल." मी म्हटलं, "पाचवी पण गेली." तिनं माझा हात धरला. हात धरायची मला सवय नाही, पण सोडवून घेतला नाही.

भेटीच्या वेळेला मनोजबरोबर हिराबाय डबा घेऊन आली. तांदळाची भाकरी आणि डाळ, सुकट घातली नव्हती. आमची तोंडं बघून तिनं कारण काढून घेतलं. मग म्हणाली, "सटवाय काय एसटीची गाडी हाय, चुकली की गेली? आमच्यात पन पुजतात तिला. ज्या दिशी पोर घरी येल त्या दिशी ती येल. पोराशिवाय कोनाच्या कपाळावर लिवनार, माझ्या?"

फूलमतीला मनोजनं हे हिंदीत सांगितलं. ती पहिल्यांदा हसली. तिला पुढचे दोन दात नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

खोलीवर

पोर घरी आली तो दिवस पाचवाही नव्हता, सहावाही नव्हता. त्यामुळं तो कोणाचाच नव्हता आणि भांडायला काही उरलं नाही.

खोलीत शिरल्या शिरल्या हिराबायनं नवऱ्याला खिडकीचे दोन्ही पल्ले उचलून काढायला लावले. शेगडी आणि बोरसी जिन्याखाली गेली. दाराला नवी कडी लावली, ती पहिलीपेक्षा हलकी. पाटा मांडायला जागा खिडकीखालीच होती, बाकी सगळीकडं सामान. तिथं मी पाच खडे मांडले, कागद-पेन ठेवलं. खिडकीच्या चौकटीला हळदकुंकू लावलं, कारण भिंतीला ऑइल पेंट, त्याच्यावर कुंकू टिकत नव्हतं.

हिराबायला ते कोरडं वाटलं. "आमच्यात चौक काढतात," म्हणाली आणि तांदळाचं पीठ कालवून आली. ऑइल पेंटवर पीठ ओघळायला लागलं तेव्हा तिनं जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चिकटवली आणि त्याच्यावर चौकोन, त्याच्यात झाडं, बाया, सूर्य काढला. फूलमती बघत बसली होती. मग उठली, बोट शेंदरात बुडवलं आणि त्या बायांच्या भांगात एकेक रेघ ओढली. प्रत्येकीच्या खाली एक सूप काढलं, सुपात ऊस आणि केळी. हिराबाय म्हणाली, "आता या बाया बिहारला लग्न करून गेल्या." चित्र सुंदर झालं म्हणणार नाही, पण त्याच्यावरून नजर हटत नव्हती. तसलं चित्र आमच्याकडं नाही, तिच्याकडं नाही आणि हिराबायकडंही नाही.

काजळ घालायला आत्या पाहिजे. मनोजच्या बहिणी छपऱ्याला. हिराबायची लेक बँकेतून कामावरून आली, तिला पंजाबी ड्रेसवरच पाटावर बसवून आत्या केली. ती म्हणाली, "आई, मला माहीत नाही कसं घालतात." फूलमतीनं तिचं बोट धरून घातलं.

मग सोहर. फूलमती सुरुवातीला हळू म्हणत होती. चाल लांब, संथ, शेवटी सूर वर जाऊन थांबायचा. हिराबायचा नवरा लग्नांमध्ये बेंजो वाजवतो. तो दाराबाहेर ऐकत उभा होता, ऐकता ऐकता जाऊन बेंजो घेऊन आला. त्याला एकच ताल येतो, हळदीत नाचायचा. सोहर त्याच्यात बसेना. फूलमती थांबली. मला वाटलं आता चिडणार. तिनं हातानं त्याला खूण केली, परत वाजव. आणि तिनं गाणं त्या तालावर चढवलं. ओढायची ती ओळ तोडून म्हटली. गल्लीतल्या आगरी बाया जमल्या, त्यांनी टाळी धरली. ओडिशाच्या बाईनं जिन्यातून तोंडानं कसलातरी आवाज काढला, जीभ हलवून, शंख वाजल्यासारखा. त्यांच्यात शुभ कामाला काढतात म्हणे.

मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मला गळा नाही. पण गप बसले असते तर माणदेशचं नाव गेलं असतं. जात्यावर बसल्यावर जुळवत होते तशी एक ओवी जुळवली:

सटवाई बाई आली, बसली गं पाटावरी
लेक नातीची गं माझी, दोन मुलुखांची सोयरी

बेंजोवाल्यानं तीही नाचवली. जात्याची ओवी नाचते हे मला या वयात कळलं.

कागदावर सकाळी काही लिहिलेलं नव्हतं. असतंच कुठं. फूलमतीनं तो कागद घडी करून चोळीत ठेवला.

आठ-पंधरा दिवस राहून मी परत आले. निघताना हिराबायनं सुकट बांधून दिली. फूलमतीनं मला मिठी मारली. तिची बोरसी जिन्याखालीच होती, माझी शेगडीही. मी मागितली नाही.

घरून

परवा शीतलचा फोन आला. वरच्या मजल्यावर ओडिशाच्या बाईला मुलगा झाला. हिराबाय पुढं होऊन पूजा मांडून आली. आता त्या घरात अशी रीत झाली आहे, की लेकरू घरी आलं की आधी खिडकी उघडायची, चौकटीला हळदकुंकू लावायचं, कॅलेंडरच्या मागं चौक काढायचा, बायांच्या भांगात शेंदूर भरायचा, मग बेंजोवर सोहर. ओडिशाच्या सासूनं विचारलं, खिडकी का? तर गल्लीतली एक आगरी बाई म्हणाली, "सटवाय तिकडनंच येते ना."

शीतल मला म्हणाली, "आज्जी, खरं कारण सांगू का त्यांना?"

मी म्हटलं, "शेगडीचं सांग. ते सांगितलंच पाहिजे. खिडकीचं त्यांना जे म्हणायचं ते म्हणू दे, उघडी ठेवतात ना?"

मग तिनं फोन लेकीच्या तोंडाशी धरला. मला काही ऐकू आलं नाही, नुसता श्वास. शीतल म्हणाली, तिसरा महिना लागला, पोटावर निजवली की मान वर धरते आणि बेंजो लागला की तिकडं वळून बघते. डॉक्टरणीनं तपासलं, काही राहिलेलं नाही म्हणाली. फूलमती छपऱ्याला परत गेली आहे, तब्येतीनं ठीक आहे.

त्या दुपारी त्या खोलीत आम्ही होतो त्या अशा: फूलमती, मी, शीतल आणि शीतलची लेक. चौघीही जगलो.